हाड शाबूत होतं, पाय मात्र गार पडत होता

गेल्या वर्षभरात तिघांनी मला फोन करून जवळजवळ एकच प्रश्न विचारला. अपघातातलं माणूस आत आहे, डॉक्टर म्हणतात लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) काढा, दहा-बारा हजार लागतील; ही काय भानगड आहे, खरंच लागते का, की पैसे काढायलेत? प्रत्येकाला मी घाईत अर्धवट सांगितलं आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. म्हणून आमच्या घरी घडलं ते एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

मी डॉक्टर नाही. लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या गावात माझं ठिबक आणि पाइपचं दुकान आहे. इथं लिहिलंय ते डॉक्टरांनी समजावलेलं, कागदांवर वाचलेलं आणि अठरा दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून पाहिलेलं.

११ डिसेंबर २०२३, सोमवार. कारखान्यांचा हंगाम भरात होता. त्या दिवसांत अंधार पडल्यावर आमच्याकडच्या रस्त्यांवर गाडी चालवणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, बाहेर हातभर लोंबणारा ऊस, मागं ना दिवा ना रेडियम. माझा लहाना भाऊ (घरात सगळे त्याला लहान्याच म्हणतात) मोटारसायकलवर येत होता. उभ्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला. वेळ संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटं. एवढी नेमकी वेळ मला माहीत आहे, कारण ट्रॅक्टरवाल्या पोरानं ७ वाजून २३ मिनिटांनी १०८ ला फोन लावला होता आणि तो त्याच्या मोबाइलवर दिसत होता. पुढं प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच आला: किती वाजता लागलं?

तो पोरगा पळून गेला नाही, हे मुद्दाम लिहितो. बीडकडचा, पंचविशीतला. गाडी येईपर्यंत लहान्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी पोचलो तेव्हा म्हणाला, "दादा, गुडघा पार उलटा वाकला होता. उचलून बाजूला घेताना कट्‌कन वाजला अन् आपोआप सरळ झाला." मी म्हटलं, बरं झालं, सरळ झाला. त्या रात्रीची सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच होती, आणि तीन तास मी ती कुणालाच सांगितली नाही.

१०८ नं आम्ही ग्रामीण रुग्णालयात ८ वाजून १० मिनिटांनी पोचलो. हेल्मेटमुळं डोक्याला फक्त खरचटलं होतं. बीपी बरं होतं, पोट मऊ होतं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिनं एमएलसी (अपघाताची पोलिसांसाठीची नोंद) नोंदवली, धनुर्वाताचं आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तारेच्या फळीवर पाय बांधला. रात्री एक्सरेची सोय नव्हती, म्हणून पुढं पाठवण्याची चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी मी घडी करून खिशात टाकली. घडी उघडून वाचली असती तर बरं झालं असतं. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं: डावं पाऊल उजव्यापेक्षा गार, नाडी मंद, रक्तवाहिनी तपासावी.

१०८ ची गाडी लातूरला न्यायला तयार होती. पण तोवर गावातली आठ-दहा माणसं जमली होती आणि गर्दीत एक जाणता असतोच. त्याचं म्हणणं पडलं की हाडाचंच आहे, तालुक्यातच हाडाचा दवाखाना आहे, उगीच लातूरला जाऊन कशाला लुटून घ्यायचं. आण्णांना, म्हणजे वडिलांना, ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू. ओळखीच्या जीपमधून आम्ही त्या दवाखान्यात गेलो.

तिथं एक्सरे निघाला. हाड मोडलेलं नाही, सांधा जागेवर आहे, लिगामेंट (सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटलं असणार, प्लॅस्टरचा स्लॅब घालतो, चार दिवसांनी एमआरआय करून या. बिल ३,८०० रुपये. आम्हाला तर देव पावल्यासारखं झालं. मायनं तिथूनच कुलदैवताला हात जोडले. पावलाला हात लावून मात्र कुणी पाहिलं नाही. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. भरल्या ओपीडीत रात्री सव्वानऊला आलेल्या माणसाचा एक्सरे चांगला दिसला की कुणाचंही मन निवतं, हे मी आता समजू शकतो. पण चिठ्ठी मागून वाचायला हवी होती आणि मीही ती आपणहून पुढं करायला हवी होती.

जीपमध्ये बसवताना लहान्या म्हणाला, "दादा, बोटं माझी हायतच असं वाटंना झालंय." आम्ही म्हणालो, घट्ट बांधलंय, म्हणून मुंग्या आल्या असतील. माझी मावसबहीण लातूरला सिस्टर आहे. तिला सहज फोन लावला. तिनं व्हिडिओ सुरू करायला लावला आणि म्हणाली, दोन्ही पायांचे अंगठे शेजारी शेजारी धर. मोबाइलच्या उजेडात पाहिलं. उजवा अंगठा गुलाबीसर, डावा चुनखडीसारखा. नख दाबून सोडायला सांगितलं; उजव्या नखात रंग झटक्यात परत आला, डाव्यात आम्ही वाट बघत राहिलो. हात लावला तर पाऊल माठातल्या पाण्यासारखं गार. डिसेंबरची थंडी होती, पण उजवं पाऊल गरम होतं ना. ती एवढंच म्हणाली, "घरी नेऊ नको. आत्ता लातूर. मी कॅज्युअल्टीत सांगून ठेवते."

१० वाजून ५ मिनिटांनी निघालो, १०.५५ ला लातूरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या दारात होतो. आणि इथं पहिल्यांदा कुणीतरी गुडघ्याआधी पाऊल पाहिलं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी स्लॅब कापून काढला. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आत बोटं ठेवून नाडी चाचपली. लागेना. मग पेनाएवढं एक यंत्र आणलं, हँड डॉपलर म्हणतात, रक्त वाहतंय का ते आवाजावरून कळतं; त्यावर जेल लावून पावलावर फिरवलं. उजव्या पायावर फुस्स-फुस्स असा मोटारीसारखा दणदणीत आवाज आला. डाव्यावर बराच वेळ खरखर आणि मग घोट्याच्या मागं कुठंतरी एक बारीकसा आवाज. त्यांनी त्या जागी बॉलपेननं फुली मारली. ही फुली पुढं अठरा दिवस पुसू दिली नाही; पुसट झाली की सिस्टर परत गिरवायच्या.

मग बीपीचा पट्टा घोट्यावर बांधून दाब मोजला. दंडावर १२०, उजव्या घोट्यावर १२६, डाव्या घोट्यावर ६०. भागाकार त्यांनी तिथंच तोंडी केला: ०.५. हा आकडा ०.९ च्या खाली आला की रक्तवाहिनीला इजा आहे असं धरून पुढची तपासणी करायची असते, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा कुठं मला ट्रॅक्टरवाल्या पोराचं वाक्य आठवलं. सांगितल्यावर डॉक्टर थांबले. "गुडघा उलटा गेला होता? मग तो निखळला होता आणि उचलताना परत बसला. एक्सरेत काय दिसणार?"

गुडघ्याच्या मागून जी मोठी धमनी जाते तिला पॉप्लिटियल आर्टरी म्हणतात. ती सांध्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडं जखडलेली असते. दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीसारखी. सांधा निखळला की हाडं सरकतात पण दोरीला सरकायला जागा नसते, ती ताणली जाते. आणि तिची गंमत अशी (गंमत हा शब्द त्यांचा) की बाहेरून नळी शाबूत राहते, आतलं अस्तर मात्र फाटतं. फाटलेलं अस्तर प्रवाहात आडवं येतं, त्यावर गुठळी बसते आणि रक्त थांबतं. बाहेर रक्ताचा थेंब नाही, हाड मोडलेलं नाही, आणि पाय मरत चाललेला. मी म्हणालो, ठिबकच्या दुपदरी नळीत आतला पदर सुटून गुंडाळला की असंच होतं, नळी फुगीर दिसते आणि पुढं पाणी जात नाही. ते म्हणाले, "तेच." त्या अवस्थेतही दुकान डोक्यातून जात नाही माणसाच्या.

"स्नायूंना रक्ताशिवाय साधारण सहा तास काढता येतात. तुमचे पावणेचार संपलेत." घड्याळात ११ वाजून ५ मिनिटं झाली होती. १ वाजून २० मिनिटं ही वेळ तेव्हापासून माझ्या डोक्यात घट्ट बसली.

मी भाबडेपणानं विचारलं, एवढी घाई आहे तर सरळ ऑपरेशनच का नाही, सीटीत वेळ कशाला? हा प्रश्न मला फोन करणाऱ्या तिघांनीही विचारला, म्हणून उत्तर नीट लिहितो. जखमेतून रक्त उसळत असतं, मांडीची सूज डोळ्यांसमोर फुगत असती किंवा पाय पूर्ण थंडगार होऊन डॉपलरवरही काहीच लागत नसतं, तर त्यांनी सीटीच्या नादी न लागता थेट ऑपरेशनला घेतलं असतं. लहान्याच्या पायात अजून रक्ताचा बारीक धागा चालू होता. शिवाय मांडीवरही मोठा मुका मार होता. अडलंय ते गुडघ्यामागं, मांडीत, की दोन ठिकाणी, हे कळल्याशिवाय चीर कुठं द्यायची? पूर्वी यासाठी जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी करावी लागायची, त्यात तास-दीड तास जायचा आणि ती सोय मोठ्या शहरातच असायची. आता हातातल्या शिरेतून डाय (चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) सोडला की काही सेकंदांच्या स्कॅनमध्ये कमरेपासून बोटांपर्यंतच्या सगळ्या धमन्या दिसतात.

सीटी सेंटर हॉस्पिटलच्या समोरच्या इमारतीत होतं, मालक वेगळा. रात्रीचा टेक्निशियन घरून येणार होता, त्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मी काउंटरवर होतो. दोन्ही पायांची सीटी अँजिओ ११,५०० रुपये, डोक्याचा साधा सीटी २,२००. एकूण १३,७००, आगाऊ. तिथं सरकारी आरोग्य योजना चालत नाही असं सांगितलं. फोन-पे ची मर्यादा संपली होती, जीपवाल्यानं त्याच्या फोनवरून भरले.

मग संमतीपत्र. त्यातले प्रश्न घाईत सही करून सोडून देऊ नका, उत्तरं खरी द्या: आधी कधी डाय दिल्यावर त्रास झालाय का, दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, किडनीचा आजार आहे का, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का, बाई असेल तर दिवस गेलेत का. एरवी किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट आल्याशिवाय डाय देत नाहीत. डॉक्टरांनी रक्त पाठवलं, पण रिपोर्टसाठी थांबले नाहीत. "किडनीकडं आपण उद्या लक्ष देऊ, पाय उद्यापर्यंत थांबणार नाही."

आत गेल्यावर दोन बारीक अडचणी आल्या. ग्रामीण रुग्णालयात मनगटाजवळ निळी सुई लावली होती. ती सलाईनला ठीक, पण डाय मशीनमधून दाबानं जातो, सेकंदाला चार मिलिलीटर, आणि तेवढा दाब बारीक सुईला सोसत नाही. डाय कातडीखाली पसरू शकतो. म्हणून कोपराच्या घडीत नवी हिरवी सुई लावली, १८ नंबरची. दुसरी अडचण, पाय परत तारेच्या फळीवर ठेवला होता. धातू असला की चित्रात पांढरे फटकारे उठतात आणि नेमकी बघायची जागा झाकली जाते. फळी काढून पुठ्ठा आणि उशा लावल्या.

तिसरी अडचण मी अडचण म्हणणार नाही. स्कॅन पोटापासून सुरू होणार होता आणि लहान्याच्या कमरेला चांदीचा करदोडा होता. टेक्निशियन म्हणाला, काढा. आण्णा दारातच उभे होते. तोवर एक शब्द न बोललेला माणूस एकदम म्हणाला, "करदोडा काढायचा नाही. जित्या माणसाचा करदोडा काढत नसतेत." टेक्निशियन शहरातला पोरगा, त्याला काही कळेना. मला कळत होतं, आणि घड्याळ ११ वाजून ४० दाखवत होतं. मी आण्णांना बाहेर नेलं, पाणी दिलं आणि परत जाऊन फासा काढला. करदोडा शर्टाच्या खिशात घातला. त्या रात्री एवढं अपराधी मला दुसऱ्या कशानंच वाटलं नाही.

आत काय होतं ते लहान्यानं नंतर सांगितलेलं लिहितो. मशीन गोल, मोठ्या वाशरसारखं. बंद बोगदा नाही, त्यामुळं जीव घाबरत नाही. हात डोक्यावर घ्यायचे, हलायचं नाही. डाय सुटला की घशापासून खालपर्यंत गरम लाट जाते, तोंडाला लोखंडाची चव येते आणि लघवी झाली असं वाटतं. झालेली नसते. हे आधी सांगितलं होतं म्हणून तो हलला नाही. सांगितलं नसतं तर उठून बसलो असतो म्हणाला. टेबल एकदा सरकलं, आणि मग गुडघ्याखालचा भाग परत एकदा घेतला. कारण विचारलं तर टेक्निशियन म्हणाला, अडलेल्या पायात डाय हळू पोचतो, मशीन त्याच्या पुढं पळतं. खालची धमनी खरंच बंद आहे की डाय यायचाय, हे ठरवायला दुसरी फेरी लागते. आत घेतल्यापासून बाहेर काढेपर्यंत १२ मिनिटं लागली, त्यातला खरा स्कॅन मिनिटभराचाही नसेल.

११ वाजून ५५ मिनिटांनी डॉक्टरांनी मला काचेमागं स्क्रीनपाशी बोलावलं. काळ्या पडद्यावर कमरेतून उतरणारी पांढरी धमनी, तिला दोन फाटे. उजवा फाटा घोट्यापर्यंत सलग. डावा मांडीतून सरळ आला आणि गुडघ्यामागं खटकन संपला. कोयत्यानं तोडल्यासारखा. चार-साडेचार सेंटिमीटर काहीच नाही. बाजूनं सुतासारख्या बारीक वाटा निघालेल्या आणि त्यांच्यातून खाली परत एक फिकट रेघ उमटलेली. तो बारीक आवाज त्या वाटांचा होता. मांडी स्वच्छ होती. डोक्यात काही नव्हतं.

रेडिओलॉजिस्ट घरी होते, त्यांनी चित्रं त्यांच्या संगणकावर पाहून फोनवर सांगितलं. टाइप केलेला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. त्यात जे होतं त्याच्याइतकंच जे नव्हतं तेही लिहिलं होतं: डाय नळीबाहेर कुठं सांडत नाही, फुगा नाही, धमनी आणि शीर एकमेकींत उघडलेल्या नाहीत. अपघातात या तिन्ही गोष्टी होतात आणि त्या चित्रात वेगवेगळ्या दिसतात, असं कळलं. शेजारच्या बेडवर जीप उलटून आलेला एक माणूस होता. त्याचा मानेपासून कमरेपर्यंत सीटी झाला होता, कारण गळ्यावर पट्ट्याचा वळ होता आणि मानेतली धमनी फाटली असेल तर लकव्यापर्यंत जातं. त्याच्यात काही निघालं नाही. त्याचे नातेवाईक पैसे वाया गेले म्हणत होते. मला त्यांचा हेवा वाटला.

१२ वाजून १० मिनिटांनी रक्तवाहिन्यांचे सर्जन आले. त्यांनी वाटेतच फोनवर चित्रं पाहिली होती. संमतीपत्रात एक ओळ होती: पाय काढावा लागू शकतो. सही मी केली, आण्णांना ती ओळ वाचून दाखवली नाही. १२.४५ ला आत घेतलं.

ऑपरेशनचं थोडक्यात लिहितो, कारण त्यात माझं काम फक्त बसायचं होतं. त्यांनी आधी बंद भागाला वळसा देऊन तात्पुरती प्लॅस्टिकची नळी टाकली आणि रक्त सुरू केलं. ते १ वाजून ४० मिनिटांनी. म्हणजे सहा तास वीस मिनिटं. त्या बारीक वाटांनी वरची वीस मिनिटं सावरली. मग बाहेरून सळया लावून गुडघा पक्का केला, आणि शेवटी उजव्या पायातली शीर काढून, उलटी करून (शिरेत झडपा असतात, सुलटी लावली तर रक्त अडतं) फाटलेल्या जागी जोडली. पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन त्या उघड्या ठेवल्या. रक्त परत आल्यावर स्नायू सुजतात आणि आतल्या आत गुदमरतात, म्हणून. तो पाय बघणं फार जड गेलं. मायला आठ दिवस दाखवला नाही.

१२ तारखेपासून माझं खरं काम सुरू झालं: कागद. भरती होताना ४०,००० डिपॉझिट भरलं होतं. हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं. सकाळी नऊला आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलापाशी गेलो. आमचं रेशनकार्ड पांढरं, मला वाटलं संपलं. पण मराठवाड्याचे सगळे जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून धरलेल्या १४ जिल्ह्यांत येतात आणि इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही तेव्हा सातबाऱ्यावर योजना लागायची, हे त्यानंच सांगितलं. लहान्याच्या नावावर सव्वा एकर आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवरून काढला. त्याच्यासोबत आधार, रेशनकार्ड, एमएलसी नंबर, पोलिसांना कळवल्याचा कागद, आणि सीटीचे फोटो व रिपोर्ट. मंजुरीत अडकलं ते शेवटच्या कागदापाशी: टाइप केलेला रिपोर्ट नसताना पाठवलेली फाइल परत आली. दुपारी रिपोर्ट जोडून परत पाठवली, १४ तारखेला मंजुरी आली. तोवरच्या औषधांचे २१,४०० डिपॉझिटातून कापून १८,६०० परत मिळाले. सीटीचे १३,७०० मिळाले नाहीत, बाहेरच्या सेंटरचं बिल म्हणून. मी अर्ज दिला होता, आठवडाभर चकरा मारल्या, मग सोडून दिलं. अडलात तर योजनेचा १५५३८८ हा फोन नंबर आहे; मी दोनदा लावला, दुसऱ्यांदा उपयोग झाला.

सीटी सेंटरवरून फिल्म आणि कागद देतात, सीडी मागावी लागते. मागाच. पुढं हाडाच्या डॉक्टरांना, योजनेला, पोलिसांना, वकिलाला, सगळ्यांना त्या एका तपासणीचा पुरावा लागला. फिल्मचा व्हॉट्सॲपवरचा फोटो कुणालाच चालत नाही.

१३ ला क्रिएटिनिन १.१ वरून १.७ वर गेलं आणि लघवी चहासारखी झाली. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, थोडा डायचा भाग असेल, जास्त करून मेलेल्या स्नायूंचा. सलाईन वाढवलं, तास-तासाला लघवी मोजली, १६ ला १.२ वर आलं. फुलीवर डॉपलर पहिले दोन दिवस तासाला लावायचे. रात्री तीनला तो फुस्स-फुस्स आवाज ऐकला की मी परत झोपायचो.

पोलीस १५ तारखेला आले. जबाब, घटनास्थळाचा पंचनामा, फिर्याद. ट्रॅक्टरवाल्या पोराला ठाण्यात बसलेलं पाहून मला कसंसंच झालं. मालक मात्र एकदाही फिरकला नाही. दुखापतीच्या दाखल्यात "गंभीर" शब्द पडला तो सीटीच्या रिपोर्टवरून. विम्याच्या दाव्यासाठी वकिलांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली, आम्ही एप्रिलमध्ये दाखल केला. तारखा चालू आहेत.

२२ डिसेंबरला पोटरीवर मांडीची कातडी लावली, २९ ला सुट्टी. सळया जानेवारीच्या अखेरीस निघाल्या. खिशातून गेले ते साधारण ६६,००० रुपये: तालुक्याचा दवाखाना, जीप, सीटी, औषधं, बाहेरच्या तपासण्या, अठरा दिवसांचं खाणं-राहणं, पावलाचा पट्टा आणि नंतरच्या तीन डॉपलर.

पावलाचा पट्टा हे राहिलंच सांगायचं. रक्त आलं, पण पाऊल वर उचलेना. गुडघा निखळताना बाजूची नसही ताणली गेली होती, आणि नस सीटी अँजिओत दिसत नाही. आम्ही समजत होतो चित्र चांगलं म्हणजे सगळं चांगलं. फिजिओथेरपी नऊ महिने झाली. आता अंगठा वर येतो, पाऊल बरंचसं उचलतं, ऊन-थंडी कळते. लिगामेंटचं ऑपरेशन पुढं ढकललंय, तो नाही म्हणतो.

एक गोष्ट शेवटच्या तपासणीत सर्जननी सांगितली, ती तुमच्या उपयोगाची आहे. पहिल्या दिवशी नाडी लागली म्हणून गाफील राहू नका. अस्तर थोडंच फाटलं असेल तर आधी नाडी लागते आणि गुठळी दुसऱ्या दिवशी बसते. म्हणून गुडघा निखळलेल्या माणसाचा पाय दोन दिवस पुन्हा पुन्हा तपासायचा. घरीही बघता येतं: दोन्ही पावलं उघडी, शेजारी शेजारी, चांगल्या उजेडात.

करदोडा मी विसरलो होतो. तो शर्ट हॉस्पिटलातून आल्यावर धुण्यात गेला, आणि करदोडा जानेवारीत मायला सीटीच्या पिशवीत सापडला, सीडीच्या पाकिटात. मीच कधीतरी काढून ठेवला असणार. तिनं आण्णांना कळू न देता लहान्याला बोलावलं आणि कमरेला बांधला. तो म्हणाला, "फासा सैल ठेव माय, परत फोटू काढायचा म्हणले तर दादाला लवकर निघंना."